अंतराळ, अवकाश की अंतरिक्ष?

प्रश्न असा आलाय की मराठी पेपरात एका दिवशी अवकाशयान असतं, दुसऱ्या दिवशी तेच अंतराळयान होतं, आणि इस्रोच्या हिंदी नावात तर अंतरिक्ष आहे, मग बरोबर कुठलं?

मी अंतराळवाला, आधीच सांगून टाकतो. अंबरनाथचं शिवमंदिर बघितलंय का, 1060 सालचं? सभामंडपातून गाभाऱ्याकडे निघालं की मधे एक अरुंद जागा लागते, धड मंडपात नाही धड गाभाऱ्यात नाही, आणि मग पायऱ्या उतरून खाली पिंडीपाशी. त्या मधल्या जागेला मंदिरांचा अभ्यास करणारे अंतराळच म्हणतात! संस्कृतात अंतराल म्हणजे दोन गोष्टींच्या मधली जागा, आपण सवयीप्रमाणे ल चा ळ केला. एका ग्रहापासून दुसऱ्यापर्यंत जी पोकळी आहे तिला याहून चपखल शब्द काय मिळणार. (विमान पण देवळातलंच बरं का, दक्षिणेत गाभारा आणि त्यावरचं शिखर मिळून विमान.)

अंतरिक्ष चुकीचं नाही, पण वेदांत पृथ्वी, अंतरिक्ष आणि द्यौ (सगळ्यात वरचं आकाश) असे तीन मजले आहेत आणि वारा, ढग, पाऊस सगळं मधल्या मजल्यावर. म्हणजे आजच्या हिशोबाने ते वातावरण झालं, आणि अंतराळाची हद्द साधारण 100 किलोमीटरवर कारमान रेषेला धरतात, म्हणजे रॉकेट हे जुनं अंतरिक्ष काही मिनिटांतच मागे टाकतं.

अवकाशची अडचण वेगळीच. आपण 'पाऊस पडायचा अवकाश, की लाईट गेलीच' म्हणतो, 'गाडीला अजून अवकाश आहे' म्हणतो, तिथे तो वेळ झाला, आणि हिंदीत तर अवकाश म्हणजे चक्क सुट्टी, त्यामुळे अवकाशप्राप्त अधिकारी वाचून कोणी यानात बसला असं समजू नका, तो रिटायर झालाय. पण आईनस्टाईनचा विषय निघाला की मात्र अवकाशच हवा, अवकाश-काल (इंग्रजीत स्पेसटाइम), कारण तो अवकाश आपल्या खोलीतही असतो, त्यासाठी वर जावं लागत नाही.

जाता जाता, ॲस्ट्रोनॉट म्हणजे ग्रीक मुळांप्रमाणे ताऱ्यांचा खलाशी आणि रशियन कॉस्मोनॉट म्हणजे विश्वाचा खलाशी. राकेश शर्मा 1984 मध्ये सोयुझ या सोव्हिएत यानातून गेले ते कॉस्मोनॉट म्हणून, पण मराठीत आल्याबरोबर अंतराळवीर झाले. खलाशाला वीर आपणच केलं, आणि मला तरी ते आवडतं.