ट्रेहॅलोजची पावडर बामच्या तळाशी का बसते?

घोडबंदर रोडच्या एका ताईंनी विचारलंय: "खोबरेल तेल आणि मधमाशीच्या मेणाचा बाम घरी करते. मक्यापासून बनवलेली ट्रेहॅलोज नावाची साखरपावडर त्वचा मऊ ठेवते असं वाचून आणली, पण ती तळाला रव्यासारखी बसते. भेसळ आहे का? त्याऐवजी मेडिकलमधली ग्लुकोज पावडर चालेल का?"

ताई, पावडर बहुतेक चांगलीच आहे, पण तिची जागा बाममध्ये नाही. साखर पाण्यात विरघळते, तेलात नाही. गरम पोळीवर तूप-साखर घेतली तरी साखर दाताखाली कचकचतेच ना, तसंच हे. तुमच्या बाममध्ये पाण्याचा थेंब नाही, मग बिचारी विरघळणार कशात? कितीही गरम करा, कितीही घोटा, दाणे राहणारच.

मी ठाण्याहून लोकलने जाऊन-येऊन रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या कॉस्मेटिक युनिटच्या लॅबमध्ये १४ वर्षं काम केलं. ही साखर माझ्या हातून बरीच गेली आहे आणि मला ती मनापासून आवडते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ट्रेहॅलोज म्हणजे ग्लुकोजचे दोन रेणू एकमेकांना जोडलेले. १८३२ मध्ये ती राय (rye) या धान्याच्या दाण्यावर येणाऱ्या अरगट बुरशीत सापडली. पुढे १८५९ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो यांनी पश्चिम आशियातल्या एका भुंग्याच्या कोषातून, म्हणजे 'त्रेहाला'तून, ती वेगळी केली. नाव तिथूनच आलं. बराच काळ ती यीस्टमधून काढत आणि फार महाग पडे. १९९० च्या दशकात जपानच्या हायाशिबारा कंपनीने स्टार्चवर एन्झाइम वापरून ती बनवायची पद्धत बसवली आणि ती आपल्यासारख्यांच्या हाताशी आली. मक्याचा संबंध एवढाच, की स्टार्च मक्याचा असतो. (टॅपिओकाचाही चालतो.) स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोर म्हणजे तो स्टार्चच, साखर नव्हे. ते क्रीममध्ये घालून हा गुण मिळत नाही.

बेकिंगसाठी कोरडं यीस्ट आणता ना? महिनोन्‌महिने सुकं पडलेलं असतं आणि कोमट पाणी मिळालं की फसफसून उठतं. त्याला तगवणाऱ्या गोष्टींत ही साखर महत्त्वाची: पाणी गेल्यावर पेशीच्या पडद्यांना नि प्रथिनांना ती आधार देते. यावरूनच जाहिरातीत "मृत त्वचा जिवंत करते" असं लिहितात, ते मात्र खोटं. आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मृत पेशींचाच असतो, तो काही यीस्टसारखा उठून बसणार नाही. क्रीममध्ये ती पाणी धरून ठेवते आणि ग्लिसरीनइतकी चिकट लागत नाही. एवढंच काम, पण ते ती छान करते.

आपल्या हवेत हे फार मोलाचं आहे. माझी नणंद ऐरोलीच्या आयटी पार्कात काम करते. दिवसभर एसीत तिचे हात पांढरे पडतात आणि संध्याकाळी स्टेशनवर आली की तीच त्वचा चिकचिक होते. ५ टक्के ग्लिसरीनचं लोशन तिला सहन होईना. मी ग्लिसरीन ३ टक्क्यांवर आणलं, ट्रेहॅलोज २ टक्के घातलं, आणि तिने बाटली संपवली. नुसत्या ट्रेहॅलोजवर भागत नाही, ग्लिसरीन सोबत हवंच.

आता ग्लुकोजचं. ते पाण्याच्या लोशनमध्येसुद्धा घालू नका. एकदा मी ग्लायसिन (हे एक अमिनो आम्ल) असलेल्या लोशनमध्ये ट्रेहॅलोज संपलं म्हणून ग्लुकोज घातलं. नमुना मे महिन्यात खिडकीशी राहिला आणि पांढऱ्याचा चहाच्या रंगाचा झाला. ग्लुकोजच्या रेणूचं एक टोक मोकळं असतं, ते अमिनो आम्लाशी जुळतं आणि रंग चढतो. ब्रेड भाजताना चढतो तसाच. ट्रेहॅलोजमध्ये दोन्ही ग्लुकोज नेमके त्याच टोकांनी जोडलेले, मोकळं काही उरतच नाही. शिवाय मेडिकलमधल्या डब्यात बऱ्याचदा कॅल्शियम, व्हिटॅमिन, चवीचे पदार्थही असतात.

भेसळ तपासायची तर चमचाभर पावडर पाण्यात ढवळा. पाणी नितळ राहिलं पाहिजे. त्यात टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. निळं-काळं झालं तर स्टार्च आहे. बेनेडिक्ट द्रावणात (साखर तपासायचं प्रयोगशाळेतलं निळं द्रावण) गरम केल्यावर विटकरी रंग आला तर ग्लुकोज मिसळलंय. आपली घरची साखर मात्र या दोन्ही चाचण्यांत सापडत नाही, म्हणून विक्रेत्याकडून त्या बॅचचा सीओए (तपासणीचा दाखला) मागून घ्याच. त्यावर ट्रेहॅलोज डायहायड्रेट, सीएएस (रसायनाचा ओळख क्रमांक) ६१३८-२३-४ असं हवं. या पावडरीच्या वजनात सुमारे ९.५ टक्के पाणी मुळातच बांधलेलं असतं. त्यामुळेच जुलैत आपल्याकडे मीठ पाझरतं तेव्हाही ती मोकळी राहते. तुमच्या पिशवीत गोळे झाले असतील तर मला शंका येईल.

वापरायचीच असेल तर पाणी असलेलं लोशन करा. १०० ग्रॅमला २ ग्रॅम पुरे, आधी पाण्याच्या भागात विरघळवून घ्या. आणि प्रिझर्व्हेटिव्ह टाळू नका, हे मी हात जोडून सांगते. "साखर आहे, टिकेल" असं बरेच जण म्हणतात. मुरांबा टिकतो कारण त्यात साखर इतकी असते की जंतूंना पाणी उरत नाही. २ टक्के साखर म्हणजे पन्हं, आणि बाहेर ठेवलेलं पन्हं किती दिवस टिकतं ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून फिनॉक्सीइथेनॉल वापरत असाल तर ते १ टक्क्याच्या आत ठेवा. सोसायटीच्या दिवाळी स्टॉलवर विकायचा विचार असेल, तर कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० प्रमाणे उत्पादनाचा परवाना लागतो. तो एफडीएकडून आधी घ्या.

बाम टाकून देऊ नका. डबी गरम पाण्यात ठेवून तो वितळवा, पावडर तळाला बसू द्या आणि वरचा भाग अलगद दुसऱ्या कोरड्या डबीत ओता. तळाचा रवाळ भाग टाचांना चोळायला चांगला आहे.