बोडीच्या (लहान तळ्याच्या) पाण्यात कोट्यवधी विषाणू असतात, मग गुरं त्यात सोडायची की नाही?

आकडा तुम्ही वाचला तो खरा आहे. तलावाच्या एका मिलिलीटर पाण्यात साधारण 10 लाख जीवाणू आणि त्यांच्या दहापट विषाणू सापडतात. पण त्यातल्या बहुतेकांचा गुरांशी काही संबंध नाही. ते जीवाणूंवर नाहीतर शेवाळावर जगतात.

माझ्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, गोंदिया जिल्ह्यातल्या एका जुन्या मालगुजारी तलावाच्या पाळीखाली आहेत, म्हणून हे सगळं मला जवळचं वाटतं. तलावात पळसाची पानं पडतात, शेण पडतं, वरच्या शेतांतला युरिया वाहून येतो. जीवाणू ते खातात आणि त्यातलं नत्र, फॉस्फरस अंगात साठवतात. जीवाणूंना सूक्ष्म प्राणी खातात, त्यांना बारीक किडे, किड्यांना मासोळी. खत असं पायरीपायरीनं ढिवरांच्या (मासेमारांच्या) जाळ्यापर्यंत चढतं.

विषाणू ही चढण मध्येच तोडतो. जीवाणूच्या आत शिरून आपल्यासारखे अनेक तयार करतो आणि जीवाणू फोडून बाहेर पडतो. आतलं नत्र-फॉस्फरस पाण्यात सांडतं, ते शेजारचे जीवाणू आणि शेवाळ लगेच उचलतात. पाटाला नाका पाडून पाणी पुन्हा वरच्याच बांधीत वळवावं, तसं. विल्हेम आणि सटल या शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये याला 'व्हायरल शंट', म्हणजे विषाणूंनी पाडलेली आडवाट, म्हटलं. समुद्राच्या वरच्या पाण्यात विषाणू रोज सूक्ष्मजीवांचा सुमारे पाचवा हिस्सा मारतात, असा अंदाज आहे.

उरलेला फॉस्फरस गाळात लोहाला चिकटून बसतो. उन्हाळ्यात तळाचा ऑक्सिजन संपला की तिथले जीवाणू लोहाचं रूप बदलतात आणि फॉस्फरस सुटतो. नवं खत न पडताही पाणी हिरवं होतं ते यामुळे. म्हणून तलाव आटल्यावर गाळ काढून बांध्यांत टाकणं मला फार मोलाचं वाटतं: साठलेला फॉस्फरस तलावाबाहेर जातो आणि धानाला लागतो.

भ्यायचं ते दुसऱ्याच गोष्टीला. गावाचं सांडपाणी बोडीत शिरत असेल, तर त्यासोबत रोगजंतू येतात. आणि पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा सांडल्यासारखी साय दिसली, तर ते बहुधा नील-हरित शेवाळ असतं. त्याच्या काही जाती विष तयार करतात, ते पिऊन जनावरं दगावतात. औषध मारून ते एकदम मारू नका, मरताना आतलं विष पाण्यात सुटतं. साय जाईपर्यंत गुरांना विहिरीचं पाणी पाजा.