पुण्यातल्या कॉलेजच्या लॅबमधला अल्ट्रासॉनिक क्लीनर वापरून नाळेच्या स्टेम सेल्सची वाढ सुधारता येईल का?

क्लीनरने नाही, पण कमी तीव्रतेच्या, तुटक स्पंदांच्या अल्ट्रासाऊंडने, म्हणजे 'लिपस'ने, व्हार्टन्स जेलीतल्या (नाळेतल्या जेलीसारख्या भागातल्या) पेशींची वाढ सुधारू शकते. क्लीनर साधारण ४० किलोहर्ट्झवर चालतो. त्यात बुडबुडे फुटतात आणि पेशी फाटतात. लिपसची रूढ सेटिंग हाड जुळवायच्या उपकरणांतून आली आहे: १.५ मेगाहर्ट्झ, २०० मायक्रोसेकंदांचा स्पंद सेकंदाला १००० वेळा, ३० मिलिवॅट प्रति चौ. सेंमी, रोज २० मिनिटं.

नाळेतल्या दोन धमन्या आणि एक शीर काढून १-२ मिमीचे तुकडे करा. ते पेशी वाढवायच्या प्लेटला नीट चिकटल्यावरच लिपस सुरू करा, नाहीतर सुटून तरंगायला लागतात. ट्रान्सड्यूसर (लहरी सोडणारा भाग) प्लेटखाली, मध्ये जेल. जेलमध्ये हवा अडकली की प्लेटमधल्या त्या वेलला (खळग्याला) डोस पोचत नाही. खरी गोम माध्यमाच्या, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवाच्या, उंचीत आहे. वरच्या हवेला आपटून लहर जवळजवळ पूर्ण परत फिरते आणि तरंगलांबी जेमतेम १ मिमी असते, त्यामुळे पातळी पाव मिमीने हलली तरी पेशींना मिळणारी तीव्रता बदलते. म्हणून प्रत्येक वेलमध्ये पिपेटने मोजून सारखंच माध्यम घाला, बाष्पीभवनावरही लक्ष ठेवा.

ट्रान्सड्यूसर तापतो, तेव्हा वेलमधलं तापमान मोजा आणि तुलनेसाठीची, लहरी न दिलेली कंट्रोल प्लेट बंद ट्रान्सड्यूसरवर, पण त्याच तापमानाला ठेवा. नाहीतर उष्णतेचा परिणाम लहरींच्या नावावर जमा होतो.

एक मर्यादा: नाळेनाळेत फरक इतका असतो की एकाच नाळेवरचा निकाल धरू नका, किमान तीन घ्या. रुग्णालयातून नाळ आणण्याआधी आईची लेखी संमती आणि एथिक्स कमिटीची मंजुरी लागेलच.