मिरचीची रोपं टेरेसवर नेली आणि पानं पांढरी पडली

प्रश्न : नमस्कार. खोल गावच्या मिरसांगेचं (मिरचीचं) बी काणकोणच्या एका ओळखीच्यांनी दिलं होतं, एप्रिलमध्ये हॉलच्या खिडकीत काचेमागे ठेवून रोपं केली, मस्त सहा-सहा पानांची झाली. मेच्या पहिल्या आठवड्यात एकदम टेरेसवर नेली तर दोन दिवसांत पानांवर कागदासारखे पांढरे डाग. शेजारचे काका म्हणतात यूव्हीमुळे झाडाचं प्रकाशसंश्लेषणच बंद पडतं, यूव्ही शीट आणून घाला. आणू का? बी आता परत मिळायचं नाही, जीव खालीवर होतोय. (एक वाचिका, फोंडा)

उत्तर : ताई, आधी रोपं सावलीत घ्या, मग पुढचं वाचा.

काकांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. यूव्ही म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण. त्यातले यूव्ही-बी, म्हणजे 280 ते 315 नॅनोमीटरचे किरण, पानातल्या फोटोसिस्टिम टू या प्रकाश पकडणाऱ्या भागाला लागतात, तिथलं डी-वन नावाचं प्रोटीन तुटतं, डीएनएलाही इजा होते. पण डी-वन नुसत्या कडक उजेडानेही रोज तुटत असतं आणि पान ते काढून नवीन बसवत असतं, आणि डीएनए दुरुस्त करणारं फोटोलायेज एन्झाइम तर चालतंच मुळात निळ्या उजेडावर, म्हणजे उन्हाने मोडलेलं उन्हाच्याच जोरावर सांधलं जातं! मला हे दरवेळी थक्क करतं. लॅबमध्ये मंद दिव्याखाली यूव्हीचा मारा केलेल्या जुन्या प्रयोगांत प्रकाशसंश्लेषण जोरात घसरलेलं दिसायचं, उघड्या शेतात तेवढी घसरण दिसत नाही.

मग तुमचीच रोपं का भाजली? खिडकीच्या काचेतून यूव्ही-ए, म्हणजे 315 नॅनोमीटरच्या पुढचा सौम्य यूव्ही, बऱ्यापैकी येतो, यूव्ही-बी जवळजवळ येतच नाही. झाडात यूव्हीआर-एट नावाचं एक प्रोटीन असतं, ते यूव्ही-बी ओळखतं (हे 2011 मध्ये कळलं), ते जागं झालं की पानाच्या वरच्या सालीत फ्लॅव्होनॉइड्स नावाची द्रव्यं साठायला लागतात, ते यूव्ही अडवतात आणि प्रकाशसंश्लेषणाला लागणारा उजेड आत सोडतात. काचेमागे हा निरोपच पोचला नाही, पानं पातळ आणि नाजूक राहिली. त्यात गोवा साधारण 15 अंशांवर, मेच्या सुरुवातीला दुपारी सूर्य अगदी डोक्यावर, सावली पायाखाली. शिवाय टेरेसवरचा साधा उजेडच खिडकीतल्यापेक्षा कितीतरी पट जास्त आणि लादी तापलेली, त्यामुळे सगळा दोष यूव्हीवर टाकू नका, तिन्हीनी मिळून भाजलंय.

मानकुराद आंब्याची नवी पालवी तांबूस का असते बघा, त्या कोवळ्या पानांत अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य असतं, पान पक्कं होईपर्यंत उन्हापासून तेवढाच आडोसा. (तांबड्या भाजीचा, म्हणजे लाल माठाचा, लाल रंग मात्र वेगळा, तो बीटालेन या दुसऱ्या रंगद्रव्याचा.)

शीटचं म्हणाल तर पैसे घालवू नका. दुकानात ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ म्हणतात ते बहुतेक वेळा प्लॅस्टिक उन्हाने फाटू नये म्हणून असतं, झाडाला यूव्हीपासून वाचवण्यासाठी नाही, हा घोळ खूप जणांचा होतो. आणि यूव्ही-बी पूर्ण अडवलंच तर रोपं परत तशीच नाजूक राहणार. त्यापेक्षा 50 टक्क्यांची शेडनेट घ्या. पहिले दोन-तीन दिवस सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात, कुंड्या लादीवर न ठेवता विटांवर ठेवा, पाणी सकाळीच.

पांढरे डाग परत हिरवे होणार नाहीत पण ती पानं खुडू नका, उरलेला हिरवा भाग अजून काम करतोय. शेंड्याकडे लक्ष ठेवा, तिथून येणारं नवं पान जाडसर आणि गडद निघालं की पहिल्या पावसानंतर रोपं बिनधास्त जमिनीत लावा.