जलवाहिनी फुटली की पहिला निरोप

भाऊ, वाघूर धरणावरून जळगावला येणारी मुख्य जलवाहिनी फुटली, तर कारण कळायची वाट पाहू नकोस. तासाभरात महापालिकेकडून लोकांना पहिला निरोप जाऊ दे: काय फुटलं, कोणत्या भागांचं पाणी बंद, टँकर कुठे, पुढची माहिती किती वाजता. ती वेळ पाळायचीच, नवीन काही नसलं तरी. 'तांत्रिक अडचण' लिहू नकोस. लोकांना ती लपवाछपवीच वाटते. 'संध्याकाळपर्यंत सुरू' हेही अभियंत्याला विचारल्याशिवाय नको. वेल्डिंग झालं तरी टाक्या भरायच्या असतात, आणि उंचावरच्या वस्तीत पाणी सगळ्यात शेवटी चढतं. सुरुवातीचं गढूळ पाणी सोडून द्या, नंतरचं उकळून प्या, हे आधीच सांग. शेवटच्या नळावर मोकळा क्लोरीन, म्हणजे जंतू मारायला पाण्यात शिल्लक राहिलेला क्लोरीन, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. मोजून आकडा जाहीर कर. व्हॉट्सॲप सगळ्यांकडे नसतं, रिक्षावर भोंगा अहिराणीतही फिरव.