आईला घेऊन लूर्दला निघालास, म्हणून

प्रिय बाळा,

तुझा फोन आला तेव्हा मी वाडीत पाणी सोडत होतो, म्हणून धड बोलता आलं नाही. आईचा पासपोर्ट आला, मे महिन्यात दोघं फ्रान्सला, मारियेच्या तीर्थाला लूर्दला निघालात, हे ऐकून बरं वाटलं. "अंकल, काय काय बघायचं त्याची यादी पाठवा" म्हणालास. यादी नाही पाठवत. २०१४ साली मी माझ्या आईला घेऊन गेलो तेव्हा माझ्या खिशात यादी होती, आणि त्या यादीनेच घोळ केला.

दोघांचाही पहिलाच परदेश. एवढा खर्च होतोच आहे तर पॅरिसही उरकून घेऊ, असा माझा हिशोब. पॅरिसला तीन रात्री, लूर्दला एक. आयफेल टॉवरच्या रांगेत दीड तास उभं राहून आईला वर नेलं. लाल लुगडं सावरत ती कठड्याशी आली आणि म्हणाली, "लूर्द कुठल्या बाजूला?" मला दिशासुद्धा सांगता आली नाही. तू उलटं कर. लूर्दला निदान तीन रात्री दे. पॅरिसहून आता रेल्वेने पाचेक तास लागतात. ग्रुप टूरने जाणार असशील तर आधी विचार, कारण काही टूरवाले संध्याकाळी पोचवतात आणि सकाळी नाश्ता झाला की बसमध्ये बसवतात.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. आपल्या वसईत आडनावाचं स्पेलिंग बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, पासबुकात तिसरं. व्हिसाचा अर्ज भरण्याआधी ते जुळवून घे. फ्रान्सला जायला लागणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. आईचं बीपी-शुगर त्यात धरलंय का, ते बारीक अक्षरातलं वाच. गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी हातातल्या बॅगेत. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेव. "मी काय लंगडी आहे का?" असं ती म्हणेलच. माझी आईही म्हणाली होती, आणि मग विमानतळभर ऐटीत बसून फिरली. पिरेनीज डोंगराचा पायथा आहे, मेमध्येही पाऊस येतो. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण तुझा एक हात तिला धरायला मोकळा हवा.

लूर्दला पोचल्यावर पहिली ओळ दुकानांची लागते. मूर्ती, जपमाळा, मारियेच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या. तोंड वाकडं करू नकोस. तिथे आईला घासाघीस करू दे, भाषा येत नसली तरी ती करेल.

मात्र जिला इथे मारिया दिसली, त्या बर्नादेतचं घर चुकवू नकोस. त्याला 'काशो' म्हणतात. ते आधी तुरुंग होतं आणि ओल धरते म्हणून सोडून दिलेलं. धंदा बुडालेला गिरणीवाला बाप, आई आणि चार मुलं, सहा जणं त्या एका खोलीत राहायची. गाइड तारखा सांगत होता आणि आमची आई नजरेने खोली मोजत होती. चूल इथे, मग निजायचं कुठे? ११ फेब्रुवारी १८५८ ला ही चौदा वर्षांची दम्याची पोर बहिणीबरोबर सरपण गोळा करायला गेली आणि नदीकाठच्या गुहेत तिला ती बाई दिसली, हे मी आईला वाचून दाखवत होतो. आई 'सरपण' या शब्दावरच अडकली. लहानपणी तीही थंडीत लाकडं वेचायला जायची, हे मला त्या दिवशी, फ्रान्समध्ये, पहिल्यांदा कळलं. मी तेव्हा फोटोच्या नादात होतो. पुढचं विचारायचं राहून गेलं, आणि आता विचारायला ती नाही.

आणखी एक. गुहेतल्या पुतळ्याखाली एक ओळ कोरलीय, ती फ्रेंच नाही. बर्नादेतला धड फ्रेंच येत नव्हतं. ती बाई तिच्याशी तिच्याच बोलीत बोलली. २५ मार्चला तिने सांगितलं, 'मी निष्कलंक गर्भसंभव आहे' (म्हणजे गर्भात आल्यापासूनच पापाचा डाग नसलेली), आणि अर्थ न कळलेले ते शब्द विसरू नयेत म्हणून पोर वाटभर पुटपुटत फादरच्या घरी गेली. हे सांगितल्यावर आई बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या सामवेदी बोलीसारखं?" हो, तसंच. शाळेत जी बोली बोललो म्हणून आम्हाला हसायचे, तसल्याच एका बोलीत.

दुसऱ्या दिवशी गुहेतल्या झऱ्याच्या पाण्यात स्नानाला गेलो. बायकांची बाजू वेगळी, त्यामुळे मी बाहेर कोरडा बसून होतो, आतली माणसं हिच्याशी काय नि कसं बोलतील या काळजीत. अर्ध्या तासाने ती आली. अंग पुसायला टॉवेल देत नाहीत, ओल्यावरच कपडे चढवायचे, तरी कुडकुडत नव्हती. "काय बोललीस त्यांच्याशी?" "आपल्या बोलीत बोलले. त्यांना कळलं." याहून जास्त तिने कधीच सांगितलं नाही. कोविडनंतर स्नानाची रीत बदललीय, तेव्हा निघण्याआधी चौकशी कर. आणि ती आत गेली की तू बाहेर थांब, परत आल्यावर खोदून विचारू नकोस.

फोन ठेवताना तू हळूच म्हणालास, माझा यावर फारसा विश्वास नाही, मग मी जाऊन ढोंग करू का? नको करूस. बर्नादेतलाही लोक छळायचे, तेव्हा ती म्हणाली होती की तुम्हाला सांगायचं काम मला दिलंय, पटवायचं नाही. आणि चर्च तुझ्यापेक्षा संशयी आहे. लूर्दला आजार बरा झाल्याचे ७,००० हून जास्त दावे आले, त्यातले चमत्कार म्हणून मानले ते सत्तरच्या जरासे वर. तू फक्त रात्री नऊच्या मिरवणुकीत आईच्या शेजारी चाल. मेणबत्तीला कागदाचं आवरण मिळतं. गाण्यात 'आव्हे मारिया'चं धृपद आलं की हजारो मेणबत्त्या एकदम वर जातात. आईचा खांदा दुखत असेल तर तिची तू वर धर.

झऱ्याच्या पाण्याचे कॅन मोठ्या बॅगेत टाक. मी टाकले होते. पण आईने एक बाटली, निळ्या मुकुटाच्या झाकणाची, न सांगता पर्समध्ये ठेवलेली. पॅरिसच्या विमानतळावर तपासणीत ती निघाली. १०० मिलीच्या वर, चालणार नाही. माणसाने कचऱ्याच्या डब्याकडे बोट दाखवलं. आईने मान हलवली, मुकुट फिरवून उघडला, अर्धी बाटली तिथेच उभ्याने प्यायली आणि उरलेली माझ्या तोंडाला लावली. मागे रांग खोळंबलेली. मी प्यायलो. रिकामी बाटली तिने परत पर्समध्ये टाकली, तिला कोणाची हरकत नव्हती.

तुझा,
अंकल