शेंडेनक्षत्र, धूमकेतू आणि मधला तो 'र'

एका वाचकाचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "शाळेत 'धूमकेतू' शिकलो. पुढे सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या मृत्यूच्या वेळची अरिष्टं वाचली, तिथे 'गगनी धूम्रकेतु उदेला' असं आहे. गावाकडची म्हातारी माणसं 'शेंडेनक्षत्र' म्हणायची. यातला बरोबर शब्द कोणता? आणि जो इतका अपशकुनी, त्याचंच नाव गणपतीला कसं?"

आधी तो 'र' निकालात काढू. धूम म्हणजे धूर आणि धूम्र म्हणजे धुराच्या रंगाचा, धुरकट. संस्कृतच्या काटेकोर हिशेबाने आकाशातला तो धूमकेतूच. पण मराठीला हा 'र' प्रिय आहे. जुन्या वैद्यकात 'धूमपान' आहे, आपण मात्र पाट्या रंगवतो 'धूम्रपानास मनाई'. शब्दशः पाहिलं तर धुरकट पिण्यास मनाई! कोणाचं काही अडलेलं नाही. त्यामुळे बखरीतलं 'धूम्रकेतु' ही लेखकूची चूक म्हणून खोडायचं कारण नाही, ते त्या काळचं चालू मराठी रूप मानावं. आज लिहिताना 'धूमकेतू', शेवटचा 'तू' दीर्घ. समासात पुढे शब्द आला की ऱ्हस्व: धूमकेतुदर्शन.

गणपतीच्या बारा नावांतही हाच घोळ. 'सुमुखश्चैकदंतश्च' म्हणताना कोणी पुढे 'धूमकेतुर्गणाध्यक्षो' म्हणतं, कोणी 'धूम्रकेतुर्गणाध्यक्षो'. छंदही निवाडा करत नाही, कारण 'धू' दोन्हीकडे गुरूच. इथे अर्थ 'ज्याचा ध्वज धुराचा, किंवा धुरकट, तो'. शेपटीवाल्या ताऱ्याचा काही संबंध नाही. गणेशपुराणात कलियुगातल्या अवताराचं नाव धूम्रकेतू आहे, तेही याच अर्थाने.

खरी गोष्ट आहे ती 'केतु' या शब्दाची. वेदांत केतु म्हणजे उजेड, किरण, खूण, ध्वज. लांबून दिसते आणि काहीतरी कळवते ती वस्तू. 'संकेत' त्याच कुळातला, म्हणजे आजचं 'संकेतस्थळ' हे केतूचं लांबचं नातेवाईक झालं. मीनकेतू म्हणजे ज्याच्या ध्वजावर मासा तो मदन. याच चालीवर ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात 'धूमकेतुः' येतो आणि तो असतो अग्नी. चुलीतला जाळ दिसत नाही, पण कौलांतून वर चढणारा धूर शेताच्या बांधावरून दिसतो. धूर हा अग्नीचा झेंडा. किती घरगुती कल्पना आहे, आणि भीतीचा त्यात लवलेश नाही.

अथर्ववेदाच्या एकोणिसाव्या कांडात मात्र सूर बदलतो. 'शं नो मृत्युर्धूमकेतुः': धूमकेतू मृत्यू आम्हाला सुखकर होवो. हा चितेच्या धुराचा ध्वज मिरवणारा मृत्यू, की आकाशातला धूमकेतू? दोन्ही अर्थ लागतात. पण त्याच ऋचेत ग्रह आहेत, राहू आहे, म्हणजे बोलणाऱ्याचे डोळे आकाशाकडे आहेत असं मला वाटतं. महाभारताच्या भीष्मपर्वात तर शंकाच उरत नाही. युद्धाआधी व्यास धृतराष्ट्राला उत्पात सांगतात: 'धूमकेतुर्महाघोरः पुष्यमाक्रम्य तिष्ठति.' महाघोर धूमकेतू पुष्य नक्षत्र बळकावून बसला आहे आणि तो दोन्ही सैन्यांचं वाटोळं करणार आहे.

आता वराहमिहिर या जुन्या ज्योतिषाचार्याकडे येऊ, कारण वाचकांच्या प्रश्नाचं मर्म तिथे सापडतं. सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत 'केतुचार' असा अख्खा अध्याय आहे. सुरुवातीलाच तो प्रांजळपणे सांगतो की केतूंचं दिसणं आणि मावळणं गणिताने कळत नाही. ग्रहणं कशी होतात हे नीट ठाऊक असलेल्या, ग्रहांची गणितं हातचा मळ असलेल्या माणसाची ही कबुली आहे. भीतीचं मूळही मला इथेच दिसतं. शनी वाईट असेल, पण तो कधी कुठे असणार हे पंचांगात छापलेलं असतं. हा पाहुणा न कळवता येतो. केतू किती, यावरही जुन्यांचं एकमत नव्हतं. वराहमिहिर नोंदवतो की कोणी एकशे एक म्हणतात, कोणी हजार, आणि नारद म्हणतो एकच आहे, तोच रूपं बदलून येतो. (धूमकेतू परत परत येतात हे एडमंड हॅलीने गणिताने दाखवलं आणि त्याने सांगितलेला १७५८ च्या नाताळात खरोखर दिसला. म्हणून 'नारदाला आधीच माहीत होतं' असं कृपया कोणी पुढे पाठवू नये. त्यात ना कक्षा आहे, ना कालावधी.)

तर केतू ही झाली जात. ते सगळेच वाईट नाहीत. आखूड, बारीक, तुकतुकीत, सरळ, पांढरा आणि थोडेच दिवस दिसणारा केतू सुभिक्ष (धान्याची सुबत्ता) आणि सुख आणतो असं त्याने स्पष्ट म्हटलं आहे. लगेच पुढच्या श्लोकात: याच्या उलट रूपाचा जो, तो 'धूमकेतू', तो शुभ नाही. त्यातही इंद्रधनुष्यासारखा दिसणारा किंवा 'द्वित्रिचूल', म्हणजे दोन-तीन शेंड्यांचा, असेल तर विशेषच वाईट.

म्हणजे धूमकेतू हे सबंध जातीचं नाव नव्हतंच, त्यातल्या वाईट पोटजातीचं होतं. पुढे 'केतु' हे नाव राहूच्या जोडीदाराला, म्हणजे चंद्राची कक्षा सूर्याच्या मार्गाला जिथे छेदते त्या दोनपैकी दुसऱ्या बिंदूला देऊन टाकलं गेलं आणि शेपटीवाल्या सगळ्या ताऱ्यांसाठी उरला तो 'धूमकेतू'. चांगले केतू नावासकट नाहीसे झाले. या अदलाबदलीच्या खुणा अजून आपल्या तोंडात आहेत. नवग्रहस्तोत्रातला शेवटचा श्लोक आठवा: 'पलाशपुष्पसंकाशं... रौद्रं रौद्रात्मकं घोरं'. पळसाच्या फुलासारखा, रौद्र, घोर. दोन कक्षा जिथे छेदतात त्या बिंदूला रंग कुठून येणार? हे वर्णन डोळ्यांनी पाहिलेल्या कशाचं तरी आहे, आणि माझ्या मते ते धूमकेतूचं. उलट ग्रहशांतीत केतूसाठी जो वैदिक मंत्र म्हणतात, 'केतुं कृण्वन्नकेतवे', त्याचा अर्थ आहे 'जिथे उजेड नाही तिथे उजेड करणारा'. पहाटेची प्रसन्न ऋचा आहे ती. नावात केतु आहे एवढ्या भांडवलावर ती छायाग्रहाच्या वाट्याला आली.

आता बखर. कृष्णाजी अनंत सभासदाने ती महाराजांच्या मृत्यूनंतर दीडेक दशकाने, जिंजीला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली. त्याच्या यादीत पृथ्वीकंप आहे, धूम्रकेतु आहे, उल्कापात, रात्री निघालेली जोड इंद्रधनुष्यं, दिशांचा दाह आणि तळ्याचं लाल झालेलं पाणीसुद्धा. वराहमिहिराची परंपरा उत्पातांचे तीन वर्ग करते: दिव्य, आंतरिक्ष आणि भौम. सभासदाची यादी या तीन रकान्यांत टाकून पाहा, एकही रकाना रिकामा राहत नाही. थोर पुरुष गेला तर तिन्ही लोकांनी दखल घेतली पाहिजे, अशी ती लिहिण्याची रीत होती.

पण यादी रीतीची असली तरी धूमकेतू हवेतला नसावा. महाराज गेले ३ एप्रिल १६८० रोजी. त्याच वर्षी नोव्हेंबरात सतराव्या शतकातला सर्वांत गाजलेला धूमकेतू आला. जर्मनीत गॉटफ्रीड किर्ख याला तो दुर्बिणीतून दिसला, आणि दुर्बिणीने शोधलेला तो पहिला धूमकेतू. डिसेंबरच्या मध्याला तो सूर्याला जवळजवळ चाटून गेला आणि महिनाअखेरीस संध्याकाळच्या आकाशात असा पसरला की शेपटीने अर्धं आकाश व्यापावं. न्यूटनने पुढे आपल्या ग्रंथात कक्षा मांडली ती याचीच. माझा तर्क असा, की ज्या माणसाने ते वर्ष जगलं आणि पंधरा वर्षांनी आठवून लिहिलं, त्याच्या मनात 'महाराज गेले ते साल' आणि 'तो धूमकेतू निघाला ते साल' एकत्र मिसळले. सात-आठ महिन्यांचं अंतर आठवणीत गळून पडलं. गंमत म्हणजे तारखा काटेकोर लावल्या तर तो धूमकेतू आकाशात होता तो जानेवारी १६८१ मध्ये, संभाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी. अभिषेकाला मात्र तो कोणी जोडला नाही. अपशकुन कुठे डकवायचा हे लिहिणारा ठरवतो.

राहिलं शेंडेनक्षत्र. हा माझा लाडका शब्द, म्हणून जरा रेंगाळतो. हा शब्द आपला, घरचा. 'शेंडेफळ' म्हणजे शेंड्याला लागलेलं शेवटचं फळ, तिथे शेंडा आहे. शेंडेनक्षत्रात मात्र मला शेंडी दिसते. शेजारी बघा: हिंदीत पुच्छल तारा, गुजरातीत पूंछडियो तारो, कानडीत बालचुक्की, तेलुगूत तोकचुक्क, तमिळमध्ये वाल नक्षत्रम. सगळ्यांना शेपूट दिसलं, मराठी माणसाला शेंडी. चिन्यांना केरसुणी दिसली, ते वेगळंच. पण शेंडीच्या पंगतीत आपण एकटे नाही. संस्कृतात केतूला 'शिखी' म्हणतात आणि वर आलेल्या 'द्वित्रिचूल' मधला चूल म्हणजेही शेंडी. अरबीत केसांची बट असलेला तारा आहे. इंग्रजी 'कॉमेट' च्या मुळाशी असलेल्या ग्रीक शब्दाचा अर्थही लांब केसांचा.

आणि शेंडीवाले जास्त बरोबर आहेत! धूमकेतूचा पिसारा नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेला असतो. युरोपात हे पेत्रुस आपियान याने १५३१ च्या धूमकेतूवरून दाखवलं. म्हणजे सूर्याकडून परत जाताना पिसारा पुढे आणि डोकं मागे. कुठल्या जनावराचं शेपूट पुढे चालतं? शेंडी मात्र मागून वारा आला की खुशाल तोंडावर येते.

लिंगाचा फरकही लक्षात ठेवावा: तो धूमकेतू, ते शेंडेनक्षत्र. क्रियापदही वेगळं. पुस्तकातला धूमकेतू 'उगवतो' किंवा 'दिसतो', शेंडेनक्षत्र 'निघतं', जसा साप निघतो किंवा पालखी निघते. हे मला कोशाने नाही, आजीने शिकवलं. १९९७ च्या एप्रिलमध्ये हेल-बॉप हा धूमकेतू संध्याकाळी वायव्येला लख्ख दिसायचा. गच्चीवर अंथरुणं घातलेली, अजून पुरतं अंधारलेलं नाही आणि मी शाळेतल्या ज्ञानाच्या जोरावर सगळ्यांना तो बोटाने दाखवतोय. आजीने माझं बोट धरून खाली घेतलं. "शेंडेनक्षत्र निघालंय होय. बोट नको दाखवू. राजाला वाईट असतं ते."

मी म्हटलं, "आजी, आता राजे कुठायत?"

"असतील की दिल्लीला."

त्या धूमकेतूला दोन पिसारे होते, एक पांढरट, धुळीचा, बाकदार, आणि त्याच्या बाजूला निळसर, सरळ. थोडा वेळ नीट पाहिलं की दोन्ही वेगळे कळायचे. वराहमिहिराच्या भाषेत द्विचूल. आजीने बृहत्संहितेचं नावही ऐकलेलं नव्हतं. ११ एप्रिलला लोकसभेत देवेगौडांचं सरकार पडलं, तेव्हा ती भाजी निवडत रेडिओ ऐकत होती. माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि पुन्हा मेथीच्या जुडीकडे वळली.